डाव्या दंडावरचा आकडा

बुधवार, ता. ८
दुकान उघडायच्या आधी

प्रिय टिकलीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू जिन्यातच उभ्याने वाचायला लागशील. आधी घरात जा, चपला काढ, पाणी पी, मग वाच.

रोज दोनदा फोन होत असताना आईला हे पत्राचं काय खूळ सुचलं, असं तुला वाटणारच. खरं सांगू का, फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस, माझ्या आकड्याशी बोलतेस. मी सांगते, "अगं, समोरच्या चष्मेवाल्याला नात झाली," आणि तू म्हणतेस, "आई, एकशे ब्याऐंशी दिसतंय, बाणही वर आहे. काय खाल्लंस?" नात राहते बाजूला. कागदावर तुला माझी साखर दिसणार नाही, तेव्हा आज तरी तुला माझं ऐकावं लागेल.

दुकानात काम भरपूर आहे. थंडी सुरू झाली की सगळ्यांना एकदम कळतं की गेल्या वर्षीचा कोट अंगात शिरत नाही. "मी जाड झालो" असं एक माणूस म्हणेल तर शपथ. सगळे म्हणतात, "कोट आटला." मीही मान डोलावते आणि बाजूची शिवण उसवते. गाण्याच्या बाई तर एकच झगा तिसऱ्यांदा सैल करायला घेऊन आल्या. आता आत कापडच उरलेलं नाही, हे त्यांना कसं सांगावं याचा विचार करतेय.

तू पाठवलेला खोलीचा फोटो पाहिला. खिडकीजवळ माझ्या मशिनला जागा ठेवलीस, वर दिवाही लावून घेतलास. डोळे भरून आले गं. गेल्या शुक्रवारी मी तुझे चार फोन उचलले नाहीत आणि त्याच संध्याकाळी तू ठरवून टाकलंस, वीस तारखेला येऊन आईला कायमचं घेऊन जायचं, दुकानाची किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिच्या आईची साखर आठवड्यातून दोनदा पन्नासावर येते, त्या मुलीने दुसरं काय करावं?

त्या पन्नासाबद्दलच लिहायचं आहे.

ओव्हरकोटच्या बटणाएवढा हा सेन्सर तूच माझ्या डाव्या दंडाला पहिल्यांदा लावून दिलास. केसाएवढी तार कातडीखाली, वर ही चकती, आणि दर पाच मिनिटांनी आकडा माझ्या मोबाइलवर आणि तिकडे तुझ्या मोबाइलवर. मला वाटलं, सुटले एकदाची बोटं टोचायच्या कटकटीतून. शिवणकामात सुया टोचतात त्या कमी होत्या का?

माझ्या गळ्यातली पिवळी मोजपट्टी आठवते ना? कापडी पट्टी वापरून वापरून ताणते. दर सहा महिन्यांनी मी ती पोलादी फुटपट्टीशेजारी धरून बघते. मागच्या खेपेला अख्ख्या पट्टीत अर्धा इंच वाढली होती. तेवढ्यावरून मी मोजपट्ट्या वापरायचं सोडलं नाही. ती कधी आणि किती फसवते, हे आपल्याला माहीत असलं की झालं.

सेन्सरचंही तसंच, असं शुगरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला समजावलं. तो रक्तातली साखर मोजतच नाही म्हणे, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. रक्तात आत्ता जे झालं ते त्याला दहा-पंधरा मिनिटांनी कळतं. नवा लावला की पहिला दिवसभर तो जरा बावचळलेला असतो. आणि त्याच्यावर दाब आला, म्हणजे त्या कुशीवर झोपलो किंवा कशाला रेललो, की तो भलताच खालचा आकडा सांगतो. दाब गेला की आपोआप ताळ्यावर येतो. "आजी," त्या म्हणाल्या, "एरवी तो चांगलाच भरवशाचा आहे. पण आकडा एक सांगतोय आणि अंग दुसरंच सांगतंय, असं झालं की बोट टोचायचं. तिथे आळस नाही करायचा." मला आजी म्हणाल्या ते सोडलं तर बाई फार हुशार आहेत.

हे त्यांनी मला तीन महिन्यांपूर्वी सांगितलं. तुला मी आज सांगतेय.

मधल्या काळात मी तुला काय काय सांगितलं ते आठव. चकती बाहीला अडकू नये म्हणून मी लवचीक पट्टा शिवला होता, तो घट्ट झाला असेल असं सांगितलं. तू पट्ट्याचा फोटो मागवलास, काढून टाकायला लावलास. मंगळवारी पुन्हा आकडा घसरला. मग म्हटलं, कापडाचे तागे दंडावर टेकवून उचलते म्हणून असेल. तू तागे उचलायला बंदी घातलीस. मग एका शुक्रवारी पुन्हा घसरला. चार वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन: "आई, त्रेपन्न! साखर खा! आणि मशिनचा आवाज का येत नाही?" मी म्हटलं, "वीज गेलीय."

टिकले, माझं मशिन पायाचं आहे. लहानपणी तू त्याच्याच पायट्याशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस. घाबरलीस की तुला एवढंही आठवत नाही, आणि मी त्याचा फायदा घेतला.

शिवाय साखरेची गोळी चावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय तू फोन ठेवत नाहीस. म्हणून नसलेल्या खड्ड्यात मी तीन महिने खरी साखर ओतत आले. पाच वाजता खरोखरच अडीचशेच्या वर. तू डॉक्टरांना फोन करून माझं इन्सुलिन कमी करायला लावलंस, तर सकाळचे आकडेही बिघडले. डॉक्टरांनी विचारलं, "घसरतं तेव्हा घाम येतो का, हात थरथरतात का?" मी म्हटलं, "थोडेसे." ते बिचारे माझ्या शब्दावर गेले.

गिऱ्हाईक आलं. थांबते.


गुरुवार, ता. ९

काल गिऱ्हाईक आलं नव्हतं. पुढचं लिहिता येईना म्हणून उठले, आणि आधीच घडी घातलेले कपडे पुन्हा घडी घालत बसले.

सोमवारी सिस्टरनी माझा चौदा दिवसांचा आलेख टेबलावर पसरला. खरी साखर उतरते तेव्हा रेघ उतारावरून चालत आल्यासारखी येते. माझी रेघ धपकन पडते आणि तासाभराने तशीच उभी चढते. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार, वेळ तीच. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "आजी, मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच तुमच्या या दंडावर काय असतं?"

मी म्हटलं, "काही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. पण तू विचारशील. वीस तारखेला येशील, मंगळवारपर्यंत राहशील, आणि चार वाजता मी पिशवी उचलली की विचारशीलच. त्यापेक्षा मीच सांगते.

मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच मी तुझ्या बाबांना भरवायला जाते.

लिहिलं एकदाचं.

आता पत्र फाडू नकोस. तू नोकरीसाठी निघालीस तेव्हा दारात उभी राहून काय म्हणाली होतीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "आई, त्या माणसाच्या दारात कधी पाऊल टाकलंस, तर मला आई नाही असं समजेन." मी तेव्हा मान हलवली होती, आणि खरोखर मनापासून हलवली होती.

आठ महिन्यांपूर्वी शुश्रूषागृहातून मला काम आलं. ज्यांचे हात वर होत नाहीत अशा माणसांचे सदरे पाठीकडून उघडे करायचे, बटणांऐवजी चिकटपट्टी लावून द्यायची. माप घ्यायला मी खोल्या-खोल्यांतून फिरत होते. चौथ्या खोलीत एक जण खिडकीकडे तोंड करून बसले होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. दुकानांच्या पाट्या रंगवून रंगवून तो तसा झाला होता, आणि मी बारा वर्षं त्यांच्या सदऱ्याचा तो खांदा आत कापड घालून सारखा करत होते. तोंड बघायची गरजच पडली नाही.

मी गुपचूप माप घेतलं. छाती बेचाळीसची छत्तीस झाली होती. त्यांनी मला ओळखलं, कारण पट्टी पाठीमागून फिरवताना त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, पूर्वी उचलायचे तसा. उजवा उचललाच नाही. उजवं सगळं अंग गेलंय. बोलणंही गेलंय, एक "बरं" तेवढं राहिलंय. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं ऐकून बरं म्हटलं नाही, तो आता सगळ्यालाच बरं म्हणतो. मला हसू आलं तिथे. आणि घरी आल्यावर हुंदके आवरेनात.

पुढच्या आठवड्यात सदरे पोचवायला गेले तेव्हा त्यांना कुणीतरी भरवत होतं, घाईघाईने. तिथे माणसं थोडी आणि भरवायचे बरेच. मी चमचा मागून घेतला. ते उजवीकडे कलंडतात, म्हणून मी पलंगावर त्यांच्या उजव्या बाजूला बसते. त्यांचा सगळा भार माझ्या डाव्या दंडावर येतो, बरोबर चकतीवर. उजव्या हाताने मी भरवते. एक वाटी संपायला तास लागतो. तो तुझा खड्डा.

मी फार चांगली बाई आहे असं समजू नकोस. पहिले काही आठवडे मी मुद्दाम भरभर भरवायचे. एक घास गिळून व्हायच्या आधी दुसरा. मनात यायचं, घ्या, तुम्ही आम्हाला किती वेळ दिलात? एकदा त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून सावकाश भरवते.

माफ केलं का, असं विचारशील. नाही. ते जमलेलं नाही मला. ते आपल्याला टाकून गेले तेव्हा घरात इन्सुलिनची शेवटची बाटली होती आणि तू नऊ वर्षांची होतीस, हे मी विसरलेले नाही. आठव्या दिवशी इन्सुलिन घेऊन उपाशीपोटीच शिवत बसले आणि मशिनवर डोकं टेकून पडले, अर्धी शुद्धीत, अर्धी नाही, आणि तू कपातलं साखरपाणी चमच्या-चमच्याने मला पाजलंस. एवढ्याशा हातात तो चमचा वाजत होता कपावर. तू आजही चार वाजून दहा मिनिटांनी फोन करतेस तेव्हा मला तोच आवाज ऐकू येतो. म्हणून तर तुला खोटं सांगताना माझी जीभ जड व्हायची. पण मी सांगत राहिले.

मग जातेस कशाला? खरं उत्तर असं आहे, की मला तिथे बरं वाटतं. त्यांनी माफी मागावी अशी आता सोयच राहिली नाही, आणि मी भांडावं अशीही नाही. तासभर एक माणूस माझ्या दंडावर डोकं टेकून शांत बसतो. सव्वीस वर्षांत मला असं कुणी टेकलं नव्हतं. तू टेकायचीस, पण तू लवकर मोठी झालीस, आमच्यामुळेच.

आता गेल्या शुक्रवारचं सांगते. हे वाचून तुला माझा सगळ्यांत जास्त राग येईल.

दुपारी इन्सुलिन घेतलं, पानावर बसले, तेवढ्यात एक बाई कोट घेऊन आल्या. उद्या प्रवासाला निघायचंय, आत्ताच माप घ्या. मी उठले. ताट झाकलं ते झाकलंच राहिलं. चार वाजता पलंगावर बसले आणि मोबाइल कोकलायला लागला. मी मनात म्हटलं, झालं सुरू याचं रडगाणं, आणि आकडा न बघताच त्याचा आवाज बंद करून तो पिशवीत टाकला. मग तुझे फोन आले असणार. ऐकू आले नाहीत.

त्या दिवशी सफरचंदाचा शिजवलेला गर होता. मी चमचा पुढे केला तर त्यांनी ओठ मिटले. पुन्हा केला, तोंड फिरवलं. मग डाव्या हाताने, तोच एक हात चालतो, माझं मनगट मागे ढकललं. गर पांघरुणावर सांडला. मी भडकले. म्हटलं, "जन्मभर हट्टच केलात, आता तरी पुरे करा!" ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि पुन्हा मनगट ढकलत होते, माझ्याच तोंडाच्या दिशेने. तेव्हा मला दिसलं की चमचा थरथरतोय, आणि तो माझ्या हातात आहे. एवढ्या थंडीत माझी पाठ घामाने भिजली होती.

मी तो चमचा खाल्ला. मग दुसरा. त्यांनी घंटेचं बटण दाबलं, तिथली परिचारिका धावत आली, तिने लगेच बोट टोचलं. एकोणपन्नास. पिशवीतून मोबाइल काढून पाहिला तर बावन्न. तिनाचा फरक. सेन्सर त्या दिवशी माझ्यापेक्षा खरा होता. मी तीन महिने त्याला खोटा ठरवत आले होते, माझं खोटं झाकायला, आणि शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

वाटी संपली तेव्हा ते म्हणाले, "बरं."

त्यांच्या एका "बरं"ने आपले ते आठ दिवस पुसले जात नाहीत. मीही तसं म्हणत नाही. पण माझ्या वरच्या ओठावरचा घाम त्यांनी ओळखला. इतक्या वर्षांनी ओळखला. हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि हे सांगायचं तर आधीचं सगळं सांगणं आलं.

उद्या सकाळी नवा सेन्सर लावायचा आहे. सिस्टरनी उपाय सांगितलाय: उजव्या दंडाला लावा, खड्डा जाईल. दोन मिनिटांचं काम. उजव्या दंडाला लावला की मंगळवारी रेघ सरळ, शुक्रवारी सरळ. तू म्हणाली असतीस, आईची साखर सुधारली, आता घाई नको, राहू दे तिचं दुकान. तुला कधीही काही कळलं नसतं. सोमवारपासून मी हाच विचार करत होते, आणि तुझ्यापासून काय लपवू, मला तो विचार फार आवडला होता. मी सेन्सर उजव्यालाच लावणार आहे. म्हणून तर त्याच्या आधी हे पत्र पेटीत पडायला हवं.

डॉक्टरांना आज दुपारी जाऊन सगळं खरं सांगणार आहे, इन्सुलिन पुन्हा ठरवून घेणार आहे. शंका आली की बोट टोचेन. ताट झाकून उठणार नाही, मग कोट कुणाचाही असो. तुझा फोन उचलेन, आणि मशिनचा आवाज येत नसेल तर का येत नाही ते खरं सांगेन.

वीस तारखेला तू ये. मला न्यायला नको, नुसती ये. त्यांना भेट असं मी म्हणणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. तुझा राग तुझ्या मापाचा आहे, तो मी सैल करायला जाणार नाही. मला फक्त मंगळवार आणि शुक्रवार हवेत.

माझ्या मोबाइलवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: "पाहणारे: १". तो एक म्हणजे तू. पत्र तुला सोमवार-मंगळवारी मिळेल. राग आला तर फोन करू नकोस, समजावत बसू नकोस. तुझ्याकडे एक बटण आहे, ते दाबलंस की तिथे शून्य येईल आणि मला कळेल. बुधवारपासून रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी ती ओळ बघेन. तो आकडा बोट टोचून पडताळता येत नाही. जो दिसेल तो खराच धरावा लागेल.

एक असो की शून्य,
तुझीच

आई